सातव्या तुकड्यावरचा बाण

१०० सेंमी

“निळी टोपणां संपली गो बाय,” खलाशी बाबल सारंग म्हणाला. “एक पण रवली नाय.”

“अशी कशी संपली? दोनशे आणली होती.”

“माका नको इचारू. आचाऱ्याक इचार.”

आचाऱ्याला विचारायची गरज नव्हती. आमच्या नळीच्या वरच्या टोकाला लावायची निळी प्लास्टिकची टोपणं जहाजावरच्या स्टीलच्या चहाच्या ग्लासांवर अगदी घट्ट बसतात, हा शोध दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी लागला होता. जहाज हललं की चहा सांडतो. टोपण लावलं की सांडत नाही. दोन आठवड्यांत खलाशांपासून सफरीचे प्रमुख वर्दे सर यांच्यापर्यंत सगळ्यांच्या ग्लासांवर निळी टोपणं आली. पांढरी टोपणं कुणी घेतली नाहीत. ती थोडी सैल होती.

समोर डेकवर नऊ मीटरची नळी आडवी पडली होती. तीन किलोमीटर खोल समुद्रतळात खुपसून वर काढलेली, आत ओली माती ठासून भरलेली. ती मीटर-मीटरवर कापायची. वरच्या टोकाला निळं टोपण, खालच्या टोकाला पांढरं. शिवाय नळीवर काळ्या मार्करने बाण, वरच्या दिशेने. एवढंच माझं काम. मी, हेमांगी खोबरेकर, कंत्राटावरची तंत्र-सहाय्यक, वर्ष चौथं.

“मग आता काय करतलंस?” सारंगाने विचारलं.

“दोन्हीकडे पांढरी लावते. बाण आहेच की.”

९२ सेंमी

या कामात सगळ्यात खालचं म्हणजे सगळ्यात जुनं. म्हणून मी खालून सुरुवात केली आहे. शंभरावरून शून्याकडे.

नळी धरायला रझिया होती. रझिया मुकादम, राजापूरची, पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पहिलीच सफर. पहिले चार दिवस तिने नुसतं लिंबू चोखलं होतं.

“ताई, सहावा झाला. सातवा धरते. लवकर कर हां, मला कसंतरी होतंय.”

टोपण घट्ट बसावं म्हणून कडेला ॲसिटोन लावतात. प्लास्टिक जरासं विरघळतं आणि चिकटतं. मी सातव्या तुकड्याला दोन्हीकडे टोपणं लावली, दोन्हींवर खिळ्याने सात कोरलं. रझिया तोंडावर हात धरून कठड्याकडे पळाली. नळीवर माती उडाली होती. हातात होतं त्या फडक्याने मी ती पुसली.

फडकं ॲसिटोनचं होतं. बाण गेला.

मी मार्कर घ्यायला वळले. जहाज कललं. तुकडा घरंगळत गेला आणि सारंगाच्या बुटाला अडकला. त्याने उचलून माझ्या हातात दिला.

“धर. पोराक सांभाळ.”

दोन्ही टोकांना पांढरं. दोन्ही टोकांना सात. मी तो इकडून बघितला, तिकडून बघितला. सारंग बघत होता. पलीकडे कुणीतरी चहा आल्याची हाक दिली. मी बाण काढला.

खात्रीने काढला, असं मला त्या वेळी वाटलं. रझिया परत आली तेव्हा मी आठव्यावर होते.

“झालं का सगळं?”

“झालं.”

८१ सेंमी

वर्णन-पत्रक, तुकडा क्र. ७. अक्षर माझं, सांगणारे वर्दे सर.

१०० ते ७०: पांढरी, मऊ. कवचांनी भरलेली.
७० ते ३५: हळूहळू काळवंडत गेलेली. फिकट बदामी, मग तपकिरी.
३५ ते २८: गडद तपकिरी, चिकट. कवचं नाहीत.
२८: सीमा. सुरीने कापल्यासारखी.
२८ ते ०: पांढरी.

किनाऱ्यावर आल्यावर प्रयोगशाळेत नळ्या उभ्या चिरल्या. प्रत्येक तुकड्याचे दोन अर्धे होतात. एक कामाचा, त्यातून नमुने काढायचे. दुसरा जतनाचा. तो प्लास्टिकच्या खोळीत घालून थंड खोलीत ठेवायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. सरांनीसुद्धा नाही.

सातवा उघडला तेव्हा वर्दे सरांनी पट्टी लावून रेषा दोनदा मोजली. मग म्हणाले, “खोबरेकरबाई, दार लावून घ्या.”

पांढरी माती म्हणजे सूक्ष्म जिवांची कवचं. ती मेली की कवचं तळाशी पडतात, कोट्यवधी वर्षं पडत राहतात. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी तापली, हवेतला कार्बन समुद्रात उतरला, पाणी आंबट झालं आणि ती कवचं तळाशी पोचून विरघळली. मागे राहिली नुसती तपकिरी माती. जगात जिथे जिथे हा थर सापडला तिथे तो एकाच पद्धतीने सापडतो. खालून वर बघितलं तर पांढरं, मग एकदम तपकिरी, आणि त्यानंतर हळूहळू, फार हळूहळू, पुन्हा पांढरं. बिघडायला थोडा वेळ. सावरायला लाखभर वर्षं.

आमच्या तुकड्यात उलटं होतं. हळूहळू बिघडलेलं आणि एका रेषेत सावरलेलं.

“म्हणजे हा समुद्र वेगळा वागला,” सर म्हणाले. “सगळ्यांच्या आधी सावरला. रझिया, तुझा प्रबंध इथेच झाला म्हण.”

रझिया वाकून बघत होती. ती ‘हो सर’ म्हणाली नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि मी पत्रकावर तारीख घातली.

६८ सेंमी

“सर, ही बिळं बघितलीत का?”

“कुठली?”

“रेषेच्या वर. पांढऱ्या थरात. आत तपकिरी माती भरलीय.”

“बरं मग?”

“तळावरचे किडे मातीत बीळ करतात. बिळात माती वरून पडते सर. मग तपकिरी माती वर असायला हवी, पांढऱ्याच्या. इथे ती खाली आहे.”

“किड्यांनी वरती खणलं असेल.”

“किडे वरती कशाला खणतील? वर पाणी आहे.”

“तुझ्याकडे अर्ज केलाय का त्यांनी, आम्ही खालीच खणतो म्हणून?”

शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. रझियाही हसली. मग म्हणाली, “तुकडा उलटा आहे सर.”

आता कुणी हसलं नाही.

सर शांतपणे बोलले. ते नेहमीच शांतपणे बोलत. “शेजारचा जोड बघितलास?”

“सहावा पांढरा आहे, आठवाही पांढरा आहे. सातवा कसाही ठेवला तरी जुळतो.”

“आणि बाण?”

रझियाने माझ्याकडे बघितलं नाही. उलट जणू माझी बाजू घेतल्यासारखी म्हणाली, “बाण चुकू शकतो सर. डेकवर किती गडबड असते.”

“खोबरेकरबाई,” सरांनी हाक मारली, “गडबड होती का हो?”

“नेहमीसारखीच,” मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं.

५९ सेंमी

त्यानंतरच्या सात महिन्यांत तिने चाळीस नमुने पुन्हा तपासले, तेही सरांनी सांगितलेलं काम उरकून. सरांचा लेख जवळजवळ तयार होता. तिचं नाव त्यात दुसरं होतं. तिने ते काढायला सांगितलं. सरांनी कळवलं की मग प्रबंधाचा विषय आणि मार्गदर्शक दोन्ही बदलावे लागतील, आणि ते ठरवायला संस्थेची समिती बसेल, येत्या बुधवारी.

सोमवारी ती माझ्याकडे आली. मी डबा उघडत होते. तिने नेहमीसारखं माझ्या डब्यातलं तिखट बोटाने चाखून बघितलं.

“ताई, एक सांगते. कुणाला बोलू नकोस.”

“बोल.”

“मी काल थंड खोलीत होते. जतनाचा अर्धा बघितला, सातवा. खोळ काढली नाही, बाहेरूनच. टॉर्च तिरका धरला ना, की तुझ्या बाणाच्या बाजूला दुसरा बाण दिसतो. पुसलेला. शाई गेलीय पण डाग राहिलाय. आणि तो उलट्या दिशेला आहे.”

मी भाकरी मोडली.

“कुणीतरी पुसून दुसरा काढलाय,” ती म्हणाली. “मला वाटतं किनाऱ्यावर, नळ्या उतरवताना. हमालांनी वगैरे. तुला काही आठवतं?”

“नाही गं.”

“नाही ना? मग तर उत्तमच. बुधवारी समितीला तो डागच दाखवते. बिळांवर ते वाद घालतील, डागावर कसे घालतील?” आणि हसून म्हणाली, “तुझ्या हाताखाली शिकले म्हणून नळीकडे बघायची सवय लागली. नाहीतर सगळे मातीकडेच बघतात.”

४८ सेंमी

मंगळवारी सरांनी मला खोलीत बोलावलं. बसा म्हणाले. पूर्वी कधी म्हणाले नव्हते.

“तुमची कायम करण्याची फाइल संचालकांच्या टेबलावर आहे. माहीत आहे ना?”

“हो सर.”

“मी चांगलं लिहिलंय. चार वर्षांत एकही चूक नाही, असं लिहिलंय.” त्यांनी चष्मा पुसला. “रझिया हुशार आहे. पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. उद्या ती कदाचित तुमच्यावर आणेल. तुमच्या बाणावर. मला वाईट वाटेल.”

“हो सर.”

“चहा घेणार?”

चहा आला. ग्लासावर निळं टोपण होतं.

४० ते ३४ सेंमी

रिकामी जागा.

नळीत कधी कधी असं होतं. माती वर ओढताना मध्येच फाटते आणि सहा-सात सेंटिमीटर काहीच राहत नाही. पत्रकात ती जागा सोडायची, खालचं वरच्याला जोडून टाकायचं नाही. ही जागा बुधवारची आहे, जेवणाच्या सुट्टीतली.

३३ सेंमी

बुधवारी तीन वाजता. समितीत तिघं, अध्यक्ष बाहेरून आलेल्या एक निवृत्त प्राध्यापिका. टेबलावर जतनाचा अर्धा, खोळीसकट. मी तो आणून ठेवला होता, ते माझंच काम.

रझियाने खोळ काढली. टॉर्च लावला, तिरका धरला. मग दुसऱ्या बाजूने धरला. मग नळीजवळ वाकली, इतकी की तिचा चेहरा नळीला लागला. तशीच थोडा वेळ राहिली. आणि सरळ उभी राहिली. टॉर्च चालूच होता.

इतिवृत्तात पुढचं असं आहे.

अध्यक्ष: काही दिसतंय का तुम्हाला?

मुकादम: नाही.

अध्यक्ष: मग तुम्ही म्हणत होता तो डाग?

मुकादम: रविवारी होता.

वर्दे: रविवारी. (हसतात.)

अध्यक्ष: टोपणं कुणी लावली होती?

खोबरेकर: मी.

अध्यक्ष: आणि बाण?

खोबरेकर: मीच.

अध्यक्ष: एकदाच काढलात? पुसून पुन्हा काढला असं झालं नाही?

खोबरेकर: नाही.

अध्यक्ष: त्या वेळी नळी कुणाच्या हातात होती?

खोबरेकर: रझियाच्या.

अध्यक्ष: मुकादम, तुम्हाला यांना काही विचारायचंय?

(मुकादम टॉर्च बंद करतात.)

मुकादम: नाही. मी थांबते.

इतिवृत्त लिहिणाऱ्याने ‘मी थांबते’ याचा अर्थ ‘माझं म्हणणं संपलं’ असा लावला. मीही तोच लावला. ती माझ्याकडे बघत होती, ते इतिवृत्तात नाही.

२२ सेंमी

रझियाला विषय बदलायला सांगण्यात आलं. तिने तीन आठवड्यांनी संस्था सोडली. जाताना मला भेटली नाही. तिच्या टेबलाच्या खणात चाळीस नमुन्यांच्या काचपट्ट्या होत्या, नीट नावं घातलेल्या. त्यांचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. अजून आहेत.

मला ऑक्टोबरात कायम केलं.

सरांचा लेख आला, गाजला. दोन वर्षांनी गावाहून माझ्या भावाचा, दाजीचा फोन आला. आमच्या खाडीच्या तोंडावर कसलासा कारखाना यायचा होता. सांडपाण्यावर गावाने हरकत घेतली होती.

“गे, सुनावणीक कंपनीचो माणूस इललो. म्हणता, समुद्र आपणहून सावरता, लवकर सावरता, तुमच्याच लोकांनी शोधून काढल्यानी. संस्थेचा नाव घेतल्यान तुझ्या. खरा मा ता?”

“त्या लेखाचा सांडपाण्याशी काही संबंध नाही रे.”

“ता नाय इचारलंय. खरा काय खोटा?”

“मी मोठ्या लोकांचं कसं सांगू दाजी? मी नळ्यांना टोपणं लावते.”

“बरां,” तो म्हणाला. “लाव.”

१३ सेंमी

लेख आल्यापासून सहाव्या वर्षी दुसऱ्या एका देशाच्या जहाजाने आमच्या जागेपासून चाळीस किलोमीटरवर भोक पाडलं. तिथे तोच थर निघाला, जगभर निघतो तसाच. एकदम तपकिरी, हळूहळू पांढरा.

सर आठवडाभर दिसले नाहीत. मग एका सकाळी हातात कागद घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले.

“दुरुस्ती पाठवतोय. वाचून दाखवतो. तारखा बरोबर आहेत का बघा.”

त्यांनी वाचलं. लेखातले निष्कर्ष मागे घेत आहोत. तुकडा क्रमांक सात उलटा वाचला गेला. नोंदवही आणि समितीच्या इतिवृत्तानुसार, जहाजावर नळी हाताळणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या अननुभवामुळे तो उलटला असावा.

“तारखा बरोबर आहेत?”

“सर, पण रझियाच म्हणत होती...”

“काय म्हणत होती?”

“की उलटा आहे.”

“बरोबर,” सर म्हणाले. “तिला कसं माहीत होतं, याचा विचार कधी केलात? मी केला. तिच्याच हातून झालं असणार. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर तुम्ही समितीत सांगितलं असतं.”

ते माझ्याकडे बघत थांबले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

“तारखा बरोबर आहेत,” मी म्हणाले.

चूक जाहीर कबूल केल्याबद्दल सरांचं खूप कौतुक झालं. एका सभेत त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. पुढच्या रांगेत मी होते.

६ सेंमी

माझ्या निवृत्तीला चार महिने होते तेव्हा मी राजापूरला गेले. रझिया तिथे हायस्कूलला विज्ञान शिकवते, हे मला बरीच वर्षं माहीत होतं.

शाळेच्या मागेच घर. ओटीवर ती काचेच्या बरण्यांत व्हिनेगर ओतत होती, एकेका बरणीत खाडीतल्या तिसऱ्यांचं एकेक शिंपलं टाकत होती. उद्याच्या तासाची तयारी. शिंपल्यांवर बारीक बुडबुडे धरत होते.

“या,” म्हणाली. पूर्वी ‘ये ताई’ म्हणायची.

“रझिया, मी एक सांगायला आलेय.”

“चहा टाकते. मग सांगा.”

ती आत गेली. मी बुडबुडे बघत बसले. चहा आला तो स्टीलच्या ग्लासात. ग्लासावर निळं टोपण होतं. कडेला पिवळं पडलेलं, पण तेच. तिने ते काढून माझ्यापुढे ठेवलं.

“जहाजावरून आणलेलं,” ती म्हणाली. “त्या दिवशी माझ्याच ग्लासावर होतं. मळमळत होतं म्हणून लिंबाचं पाणी झाकून ठेवलं होतं. टोपणं संपली म्हणून सारंगकाका ओरडत होते, ते मी ऐकलं. म्हटलं एकाने काय होतंय. माझी चूक एवढी. आता तुमची सांगा.”

मी सांगितलं. फडकं, घरंगळलेली नळी, दुसरा बाण. ती मान हलवत ऐकत होती, शिकवताना एखाद्याचं पाठ ऐकावं तशी.

“हे झालं जहाजावरचं,” म्हणाली. “पुढचं?”

मग मी रिकामी सोडलेली जागा सांगितली.

बुधवारी एक वाजता मी थंड खोलीत गेले. टॉर्च नेला होता. डाग होता, तिने सांगितला तसा. काळसर, फिका, पण टोक स्पष्ट. मी तो खूप वेळ बघितला, म्हणजे चुकून केलं असं मला म्हणता येणार नाही. मग खोळ काढली, ॲसिटोन कापसावर घेतलं आणि पुसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग माझा बाण जरा फिका झाला म्हणून तो गिरवला. खोळ घातली. येऊन डबा खाल्ला. त्या दिवशी वालाची उसळ होती.

रझियाने बरणी जरा हलवली. शिंपल्यावरचे बुडबुडे सुटून वर आले आणि नवे धरू लागले.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तेव्हाच. खोळ काढली तर ॲसिटोनचा वास आला. थंड खोलीत ॲसिटोन कशाला येईल? आणि त्या खोळीला हात लावणाऱ्या तुम्ही एकट्या.”

“मग बोलली का नाहीस? तिथेच?”

“बाईंनी विचारलं ना, यांना काही विचारायचंय का? मी म्हटलं, मी थांबते.” तिने बरणीचं झाकण लावलं. “तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. तीन आठवडे थांबले.”

रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं चालली होती. ‘मॅडम’ म्हणून कुणीतरी हाक मारली. तिने हात वर केला.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “आत्ता सांगितलंत तसंच. सही करा, तारीख घाला. कागद आणते.”

“देते,” मी म्हणाले. “नक्की देते. फक्त एकतीस मे जाऊ दे. निवृत्ती आहे गं माझी. आता कशाला चौकशी मागे लावून घ्यायची, चार महिन्यांसाठी...”

हे बोलताना मला ते ऐकू आलं. पण तोवर बोलून झालं होतं.

ती रागावली नाही. ग्लास माझ्यापुढे सरकवला. “चहा निवतोय,” म्हणाली, आणि बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली.

० सेंमी

सगळ्यात वरचा थर बहुतेक वेळा हाती लागत नाही. तो पाण्यासारखा असतो. नळी तळाला टेकली की आधी तोच उडून जातो.

जूनच्या एक तारखेला मी निवेदन लिहिलं. चार पानं. एक प्रत संस्थेला, एक लेख छापणाऱ्यांना, एक रझियाला, सगळ्या रजिस्टर्ड. गावी दाजीलाही फोनवर सांगितलं. कारखान्याला पाचवं वर्ष लागलं होतं. तो म्हणाला, “जेवलंस काय?”

छापणाऱ्यांनी सरांना विचारलं. सरांनी कळवलं की खोबरेकरबाईंच्या निष्ठेबद्दल त्यांना आदरच आहे, परंतु इतक्या वर्षांनंतर या वयात स्मरणावर विसंबणं योग्य होणार नाही.

संस्थेने मात्र चौकशी केली. आता माझ्या जागेवर एक नवी मुलगी आहे, तिच्याकडून सातवा तुकडा काढवून घेतला, तपासला, फोटो घेतले. सप्टेंबरात पत्र आलं. ‘आपल्या निवेदनात वर्णन केल्याप्रमाणे जुन्या बाणाची कोणतीही खूण सदर नळीवर आढळून आली नाही. पुराव्याअभावी पूर्वीची दुरुस्ती कायम ठेवण्यात येत आहे.’

काम मी नीट करते. सरांनी लिहिलं होतं ते खरंच होतं.

रझियाकडून पत्र आलं नाही. पोस्टाची पोचपावती आली. कार्डावर तिची सही आहे, तारीख आहे. बाकी कार्ड कोरं.